आठवड्याची बादली

कूलिंग टॉवरचा ब्लोडाऊन म्हणजे काय, हे कारखान्यात नव्याने आलेल्या पोरांना समजावताना मी हल्ली माशांच्या टाकीचं उदाहरण देतो. मी स्वतः मात्र उलट्या वाटेने शिकलो. टॉवरवरून टाकीकडे आलो, आणि तेही चार एंजल मासे गमावल्यावर.

तारापूर एमआयडीसीत युटिलिटी खात्यात माझी नोकरी. बॉयलर, चिलर, टॉवर, म्हणजे अख्खी पाळी पाण्याशीच गाठ. टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. कमी झालेलं पाणी मेक-अपच्या लाइनने भरलं की पातळी कायम दिसते, पण क्षार चढतच जातात, कारण मेक-अपसुद्धा थोडे क्षार घेऊनच येतं. मेक-अपचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, २०० आणि टॉवरचा १००० झाला की पाच सायकल झाल्या म्हणायचं, तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि थोडं पाणी सोडून द्यायचं, तोच ब्लोडाऊन. नाही सोडलं तर नळ्यांत स्केल धरतं. हे मी रोज करत होतो आणि बोईसरच्या घरी, दोन फुटी टाकीत, चार महिने नुसतं वरून पाणी घालत होतो.

घालत होतो तेही स्वयंपाकघरातल्या आरओचं, माशांना चांगलं पाणी मिळावं म्हणून. पाणी आरपार दिसायचं. एका रविवारी गोट्यांत साचलेली घाण नजरेला खुपली आणि सगळं एकदमच करून टाकायचं ठरवलं. मासे बादलीत, पाणी मोरीत, गोटे नळाखाली चोळून, फिल्टरचा स्पंज त्याच नळाखाली पिळून पिळून, आणि टाकी पुन्हा बोअरच्या पाण्याने काठोकाठ. संध्याकाळी एंजल वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. बुधवारपर्यंत चारही गेले. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिने विचारलं, ‘‘बाबा, स्वच्छ केलं म्हणून मेले का?’’

तिला उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजावर आणि गोट्यांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य, पण ते आपणहून टाकीबाहेर जात नाही. या सगळ्या उलाढालीत पाण्याची अल्कलिनिटी खर्च होते. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच, म्हणजे माझ्या टाकीचा पीएच चार महिने हळूहळू उतरत होता आणि मासे त्या पाण्याला सरावले होते. मी एका तासात त्यांना कडक, अल्कधर्मी पाण्यात टाकलं. ते करताना जिवाणूही धुऊन काढले. नवा अमोनिया खायला कोणी उरलं नाही, आणि पीएच वाढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो. स्वच्छ केलं म्हणून नाही गं, एकदम बदललं म्हणून.

तेव्हापासून आठवड्याला एक बादली, रविवारी.

बादलीच का, याचा हिशेब सोपा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत कागदावर ५६ लिटर पाणी मावतं. गोटे आणि वरची मोकळी दोन बोटं वजा जाता साधारण ४५ उरतं. त्याचा पाव हिस्सा म्हणजे अकरा लिटर. आठवड्याला समजा नायट्रेट दहाने वाढतं. दर वेळी दहावा हिस्सा बदलला तर ते चढत चढत शंभरावर जाऊन ठरतं. पाव हिस्सा बदलला तर चाळीसवर, निम्मा बदलला तर वीसवर. वाढ भागिले बदललेला हिस्सा, आमच्या टॉवरचंच गणित. एंजलनंतर मी गप्पी पाळतो, त्यांना चाळीस चालतं. मासे जास्त असतील किंवा जीव नाजूक असतील तर मी निम्म्यापर्यंत जाईन, पण दर आठवड्याला, चुकवून मग एकदम नव्हे. उन्हाळ्यात पंख्याखाली उघड्या टाकीचं पाणी एक इंच उतरलं तर जवळपास पावणेपाच लिटर उडालेलं असतं. ते भरून काढणं वेगळं आणि बदलणं वेगळं. उडालेल्या पाण्याने काहीच बाहेर नेलेलं नसतं.

आता नळी. महागडी साधनं मिळतात, पण मी अजून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळीच वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. एका टोकाला अर्ध्या लिटरच्या बाटलीचं कापलेलं तोंड बसवलंय. तोंडाने ओढायची नाही. अख्खी नळी टाकीत बुडवून भरून घ्यायची, मोकळ्या टोकावर अंगठा दाबायचा, ते टोक खाली बादलीत नेऊन अंगठा काढायचा. बाटलीचं रुंद तोंड गोट्यांत इंचभर रुतवलं की आत गोटे उकळल्यासारखे नाचू लागतात. त्यांच्यामधून तपकिरी गाळ धुरासारखा वर चढतो, नळीत शिरतो आणि बादलीत उतरतो. गोटेही वर यायला लागले की नळी चिमटीत धरायची, ते खाली बसतात, मग चिमूट सोडायची. वरचं पाणी निवळेपर्यंत तिथेच थांबायचं आणि मग तीन बोटं पुढे. हे करताना मला घाई अजिबात खपत नाही. एका रविवारी डावी बाजू, पुढच्या रविवारी उजवी. स्पंज महिन्यातून एकदा, तोही त्याच बादलीतल्या जुन्या पाण्यात दोनदा दाबून. दिसायला मळकटच राहतो, राहू द्यावा.

बादली ओतण्याआधी मुलगी मोबाईलचा टॉर्च लावून आत बघते. गप्पीचं पिल्लू पापणीच्या केसाएवढं असतं आणि गाळाखाली दबा धरून बसतं. मागच्या रविवारी दोन सापडली. ती चमच्याने परत आणि पाणी मोगऱ्याला, कढीपत्त्याला. नायट्रेट झाडाला हवंच असतं, आमच्या कढीपत्त्याची पानं बघून कोणालाही कळेल.

नव्या पाण्याची खरी मेहनत मात्र आदल्या रात्रीची. आमच्या भागात पाण्याच्या जाती तीन. एमआयडीसीचं पाणी सूर्या नदीचं, धामणी धरणातून कवडासच्या बंधाऱ्यावर येणारं, ते मऊ असतं पण क्लोरीन घातलेलं. बोअरचं कडक, आणि समुद्राच्या बाजूला जावं तसं मचूळ. टँकरचं कुठलं आहे हे विचारावंच लागतं. बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या मोजलं तर पीएच फसवतो. त्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड रात्रभर एअर पंपाने निघून गेला की सकाळी आकडा वर गेलेला असतो. नळाचं पाणी उघड्या बादलीत ठेवलं तर क्लोरीन उडतं, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब आहेत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं, म्हणून पहाटेचंच घ्यावं. एवढं जमवून ओततानाही मी ताटलीवरून धार सोडतो, म्हणजे गोटे उकरले जात नाहीत.

आमच्या पाळीत एक मित्र मुरब्याचा आहे. त्याच्या घरची बोट आहे, टाकी ठेवण्याचं त्याला कौतुक नाही. पण माझा हिशेब ऐकून तो म्हणाला, ‘‘खाडी हेच करते की. उधाणाला जास्त बदलते, भांगाला कमी. पण पूर्ण रिकामी होत नाही कधी.’’ पंधरा वर्षं मी भरती-ओहोटी बघतोय आणि हे मला सुचलं नव्हतं. तो पुढे जे बोलला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: माझ्या बादलीतलं जुनं पाणी मोगऱ्याला जातं. एमआयडीसीतलं सांडपाणी मात्र शेवटी नवापूरच्या समुद्रात जातं, आणि त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं. पाणी बदलायचं तर जुनं कुठे तरी जाणारच. मी ज्या खात्यात पोट भरतो, तिथे ‘कुठे’ हा प्रश्न व्हॉल्व्ह उघडणाऱ्याच्याही मनात असला पाहिजे. मी तो नव्या पोरांना आवर्जून विचारायला लावतो.

या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. नळाला चहासारखं पाणी आलं आणि वासही उग्र. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की क्लोरीनचा डोस वाढवतात, गावच्या विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते, आणि ते माणसांसाठी गरजेचंच आहे. ग्रामपंचायतीतले लोक तपासतात तसं मी एका परीक्षानळीत पाणी घेऊन क्लोरीन दाखवणारे ओटीचे थेंब टाकले. नेहमी जेमतेम पिवळसर होतं, काल ते हळदीसारखं झालं. रविवार असूनही नळी खुंटीवरून काढली नाही. खाद्य निम्मं केलं, दोन बादल्या भरून गॅलरीत उघड्या ठेवल्या, एकीत एअर स्टोन सोडला. आज सकाळी गाळ खाली बसलेला दिसतोय, वास थोडा कमी आहे. रात्रपाळीला जाण्याआधी पुन्हा ओटी टाकून बघेन.