चौकोनांमागचा निरोप

“दिसतं की, सगळं दिसतं. पण ताई, मराठीत कोण मेसेज करतं?” वसई स्टेशनबाहेरच्या दुकानातल्या मुलाचं हे वाक्य मला अजून खुपतं. त्याच काउंटरच्या काचेखाली स्वस्तातले फोन मांडलेले होते आणि त्यांच्या बटणांवर क, ख, ग छापलेले होते.

गोष्ट २०११ सालची. मी नालासोपाऱ्याहून अंधेरीला नोकरीला जायचे. बाबांना ऐकू येणं बंद झालं होतं, त्यामुळे फोन करून उपयोग नव्हता. आमचं सगळं बोलणं एसएमएसवर. बाबांना रोमन लिपी वाचता येत नाही, म्हणून मेसेज मराठीत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरं असतील तर १६०, देवनागरी असेल तर ७०च, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. ‘पोहोचले’ या एका शब्दाला सात. बाबा बोटं मोजत लिहायचे.

माझ्या जुन्या फोनवर एका मराठी अक्षरासाठी बटण तीन-चारदा दाबावं लागे. म्हणून मला पूर्ण कीबोर्डचा फोन हवा होता, बाजूला सरकवला की आतून बटणं निघणारा. तीन आठवडे मी दुकानं पालथी घातली. नोकिया ई७५ला बाहेर आकड्यांची बटणं आणि आत पूर्ण कीबोर्ड, म्हणजे लोकलमध्ये एका हाताने दांडी धरली तरी दुसऱ्याने लिहिता येणार. पण पडदा २.४ इंचांचाच. नोकिया सी६चा पडदा मोठा, पण बोटाने जोर देऊन दाबायचा. मोटोरोला माइलस्टोन हातातून सोडवेना, पण तो माझ्या ऐपतीबाहेरचा. शेवटी चौथाच घेतला, वसईच्या त्या दुकानातून, मराठी दिसतं का हे विचारून. त्याचं नाव लिहीत नाही. बटणं मऊ, उठावदार, अंधारातही अंगठ्याला सापडणारी. मी अतिशय खूश होते.

त्या रात्री बाबांचा पहिला मेसेज आला आणि पडद्यावर नुसते रिकामे चौकोन उमटले. ओळीत उभे केलेले चौकोन, मध्ये पूर्णविराम. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर तो मुलगा म्हणाला, खोका उघडलाय, आता परत घेता येणार नाही. मालक मान वर न करता हिशेब लिहीत होते. मी पैसे बुडवून नवा फोन घेऊ शकत नव्हते. बाबांना लिहून सांगितलं, तुमचे मेसेज दिसत नाहीत, लिहू नका. ते “बरं” म्हणाले, तरी लिहीत राहिले.

जुलैतली एक संध्याकाळ. पाऊस सकाळपासून. भाईंदर सोडलं, खाडीचा पूल ओलांडला आणि नायगावच्या आसपास फोन वाजला. चौकोन. मी फोन सरकवून उघडला, रोमनमध्ये लिहिलं की मी ठीक आहे, आणि तो मेसेज बाबांना वाचता येणार नाही हे माहीत असूनही पाठवला. गाडी वसईला पंधरा मिनिटं थांबली. मी आत बसून राहिले. मग ती निघाली आणि पुढे रुळांवर पाण्यात अडकली. तासाभराने लोक उतरायला लागले, मीही उतरले. चपला हातात घेऊन, पुढच्या बाईची ओढणी धरून, खडी पायाला टोचत, गुडघाभर पाण्यातून नालासोपारा गाठलं. घरी पोहोचायला साडेदहा झाले. बाबा दारात उभे होते. म्हणाले, “मेसेज वाचला नाहीस?”

काय लिहिलं होतं ते त्यांना दाखवता येईना; त्यांच्या फोनमध्ये पाठवलेले मेसेज राहत नसत. मला काय सुचलं कोण जाणे, मी तो चौकोनांचा मेसेज त्यांनाच परत पाठवला. त्यांच्या स्वस्त फोनवर तो स्वच्छ मराठीत उमटला: “सोपाऱ्याला पाणी भरलंय. वसईला उतर, मावशीकडे थांब.”

मी थक्क झाले. म्हणजे अक्षरं सगळी शाबूत होती! माझ्या फोनकडे ती दाखवायला टंकच नव्हता. त्या काळच्या कितीतरी महागड्या फोनांचं असंच होतं. पुढे ऑफिसातल्या एकाने ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या सेटिंगमधली एक खूण शिकवली. तिने निदान मराठी वर्तमानपत्रं त्या फोनवर वाचता आली, अक्षरांची चित्रं होऊन. मेसेज मात्र चौकोनच. ते मी रोज रात्री बाबांच्या फोनवर पाठवून, उशिराने वाचायचे.

त्या मुलावरचा राग खरा आहे. पण तीन आठवडे मी बटणांचा मऊपणा तपासला, पडद्याचे इंच मोजले आणि दुकानात उभं राहून बाबांच्या फोनवरून एक मेसेज मागवून पाहिला नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायला फोन घेत असाल तर त्या माणसाला दुकानात बरोबर न्या. विक्रेत्याच्या “हो”वर विसंबू नका.

आणि तरीही, आज काचेवर मराठी झरझर लिहिता येत असताना मला त्या बटणांची आठवण येते. तसा फोन पुन्हा मिळाला, आणि त्यात बाबांची अक्षरं दिसली, तर मी आजही घेईन.

बाबा आता व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. तिथे अक्षरं मोजावी लागत नाहीत. त्यांचा निरोप मात्र अजून ७० अक्षरांच्या आतच असतो.