यमुनेचा दुसरा संसार

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव परीक्षेपुरते सगळ्यांना पाठ असते. ती उघडून वाचणारे थोडे. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबमध्ये बसून आज कोणी वियोगाची कादंबरी लिहायला घेत असेल, तर त्याने आधी ही वाचावी.

पदमनजी मूळचे बेळगावचे, जन्म १८३१चा. १८५४मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, म्हणजे कादंबरी आली तेव्हा त्याला जेमतेम वर्ष झालेले. कायद्याने लग्नाची मुभा दिली. नवरा गेलेली बाई पुन्हा उभी कशी राहते, हे दाखवणे मात्र कायद्याचे काम नव्हते. ते कादंबरीने अंगावर घेतले.

तिची रचना आजही शिकण्यासारखी आहे. यमुना आणि विनायकराव प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना विधवा भेटतात, त्यांचे हाल दिसतात, कहाण्या कानांवर पडतात. मग अपघातात विनायकराव जातात आणि ऐकणारी यमुनाच विधवा होते. मृत्यू पहिल्याच पानावर आला असता, तर वाचक हळहळून पुढे गेला असता. इथे तो धास्तावतो, कारण यमुनेपुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याने आधीच पाहिलेले असते.

पुढे यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. पदमनजींना समाजाला पटवायचे होते, त्यामुळे इथे विचार पुढे सरतो आणि मन मागे राहते. गेलेला नवरा आणि नवा संसार एकाच काळजात कसे नांदतात, याला पुरेशी जागा मिळत नाही. श्रद्धेमुळे अश्रू थांबतात असेही नाही. लाजरच्या कबरेपाशी येशू स्वतः रडल्याचे शुभवर्तमान सांगते. मग श्रद्धावान पात्रालाही रडायला पाने द्यायला हवीत.

ती जागा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते. ते आत्मचरित्र आहे, तरी कादंबरीकाराला त्यातून फार मिळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधल्या काळात नवरा हयात, पण संसार मोडलेला. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे सांभाळतच. स्वयंपाकाची, पाण्याची बंधने त्यांच्या हातून हळूहळू सुटत गेली. मन बदलले ते रोजच्या व्यवहारातून. म्हणूनच ते खरे वाटते.

कळंबच्या लेखकालाही हेच करावे लागेल. नवरा गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बाईचे नाव चढते. शेणखताचा, मजुरीचा हिशेब तिच्याकडे येतो. मंचरच्या बाजारात भाव तिला करावा लागतो. शेजारच्या हळदीकुंकवाला मात्र तिला बोलावणे येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२मध्ये, ‘यमुनापर्यटन’नंतर १६५ वर्षांनी. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले.

ठरावाने बांगड्या फोडणे थांबेल. पण एखाद्या सकाळी ती बाई पुन्हा रंगीत लुगडे नेसते तेव्हा सासू काय बोलते, मुलगा कुठे बघतो, तिला स्वतःला अपराधी वाटते की हलके, हे कादंबरीनेच सांगायचे. आंबेगाव-जुन्नरच्या लिहित्या मंडळींनी, विशेषतः बायकांनी, ते लिहावे. मृत्यूला एक प्रकरण पुरे. उरलेली पाने तिच्या पुढच्या आयुष्याला द्यावीत.