आवडला, एवढं म्हण

प्रिय सखे,

काल तू डेटिंग ॲपवरच्या त्या मुलाच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकलास आणि आम्ही तिघींनी लगेच निकाल देऊन टाकला. कोकणकड्यावरचा फोटो बरा, गॉगलवाला नको, उंची खरी असेल तर ठीक. तू त्याची नोकरी, वाचन, घरची माणसं असं सांगत राहिलीस. तो तुला आवडलाय, हे काही बोलली नाहीस. म्हणून तुला एकटीला लिहितेय.

कांदेपोह्यांच्या काळात मुलीने पगार, घर, पत्रिका पाहून होकार द्यायचा. त्याचा आवाज आवडला म्हणणं म्हणजे निर्लज्जपणा! बम्बल हे डेटिंग ॲप २०१८ मध्ये भारतात आलं ते पहिला मेसेज मुलीनेच करायचा, हा नियम घेऊन. पुढाकार हातात आला, तरी मैत्रिणींपुढेसुद्धा आपण वधूपित्याचीच कारणं देतो.

आणि फोटो बघून आम्ही काय सांगणार? ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २००९ मध्ये स्वतःची आकडेवारी मांडली होती. बायकांनी ८० टक्के पुरुषांना दिसायला सरासरीहून कमी ठरवलं होतं, पण मेसेज त्यांतल्याही अनेकांना केले होते. जोडीदार कसा हवा हे आपण आधी ठरवतो, त्यावरून प्रत्यक्ष भेटीत कोण आवडेल हे सांगता येत नाही, असं ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांना २००८ च्या स्पीड डेटिंगवरच्या अभ्यासात दिसलं.

परवा फोनवर तू म्हणालीस, तो तुझं वाक्य पुरं होऊ देतो, मगच बोलतो. त्याच्या व्हॉइस नोटमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या येतात. हे सांगताना तुझा आवाज किती खुलला होता! खरं बोलणं ते होतं, आणि ते ग्रुपवर आलंच नाही.

मला काळजी याचीच वाटते. ओढ लपवायची सवय लागली की पुढे काही बिनसलं तर तेही लपवलं जातं. तो व्हिडिओ कॉल टाळतोय, पहिल्याच भेटीला घरी बोलावतोय, पैशांचा विषय काढतोय, हे मैत्रिणींना वेळेवर कळायला हवं. तिथे आम्ही भोचकपणा करणारच. पण आवडण्याची लाज वाटणारी मुलगी हे सांगणार कुणाला?

शनिवारी त्याला भेटायची जागा गजबजलेली निवड, लाइव्ह लोकेशन मला पाठव. आणि घरी आलीस की आधी मला फोन कर. तो आवडला का, एवढंच सांग; कारणं मी विचारणार नाही.

तुझीच,
मैत्रीण