बदलापूर कोणत्या तालुक्यात?

परवा कॅम्प ४ मधले एक अंकल घरी आले. हातात नातवाचं भूगोलाचं पुस्तक. पाकिस्तानातल्या सिंधमधून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, नागरिकत्वाचा अर्ज आता केलाय. म्हणाले, "भाऊ, राज्य, जिल्हा, तालुका पक्कं करून द्या. साहेबांनी विचारलं आणि चुकलो तर परत पाठवतील."

मी समजावलं, अमेरिकेसारखी नागरिकत्वाची परीक्षा आपल्याकडे नाही. ११ मार्च २०२४ ला सीएएचे नियम आले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचा पुरावा, घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते असं निवेदन आणि शेवटी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ. सिंधी १९६७ पासून त्या परिशिष्टात आहे. म्हणजे तुमची मायबोलीच चालते, अंकल.

तरी ते ऐकेनात. मग बसलो शिकवायला. उल्हासनगर तालुका, ठाणे जिल्हा, महाराष्ट्र राज्य. "आणि बदलापूर?" मी अडखळलो. तालुका अंबरनाथ, विधानसभा मुरबाड, लोकसभा भिवंडी! शेजारचं अंबरनाथ मात्र लोकसभेला कल्याणमध्ये. इतकी वर्षं निवडणुका कव्हर करूनही मला बोटं मोजावी लागली. बदलापूर स्टेशनवर दहा जणांना विचारा, किती जण बरोबर सांगतील? पण चुकलो म्हणून आपल्याला कुणी कुठे पाठवणार नाही. ती भीती फक्त अंकलना.

अर्जात जन्मस्थान लिहिताना त्यांचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची आणि ठाणे, दोन्ही एकाच इलाख्यात. तुमचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच सरकारला सारा भरत होते. फाळणीनंतर सिंधी माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली, १९४९ मध्ये तिला उल्हास नदीवरून नाव मिळालं. पंचाहत्तर वर्षं झाली, रिक्षावाल्याला मात्र आपण अजून "कॅम्प तीन" असंच सांगतो.

अंकल हसले. म्हणाले, "झेंडावंदनाला राष्ट्रगीतात सिंध ऐकलं की वाटतं, माझी हजेरी घेतली."

अर्ज अजून पेंडिंग आहे. त्यांचे तालुके मात्र सगळे पाठ झालेत.

आता तुम्ही सांगा, मोबाईल न बघता: तुमचा तालुका, विधानसभा, लोकसभा?