चावतो आणि चावायलाय

मराठीत पक्षी सहसा चावत नाहीत. कोंबडी टोचते, कावळा टोच मारतो, घार झडप घालते. 'चावणे' हे क्रियापद आपण कुत्रा, साप, विंचू, डास यांच्यासाठी राखून ठेवले आहे, आणि पक्ष्यांपैकी एकट्या पोपटाला ते निःसंकोच लावतो. भाषेने केलेली ही निवड शरीररचनेशी जुळणारी आहे. पोपटाच्या चोचीचा वरचा भाग कवटीला बिजागरीसारखा जोडलेला असल्यामुळे तो स्वतंत्रपणे वर-खाली हलतो; खालचा भाग त्यावर दाबला जातो, आणि दोहोंच्या मधे जाड, मांसल, चपळ जीभ असते. एवढ्या सामग्रीवर हा पक्षी करडईचे बी सोलतो, मिरची उभी चिरतो, फांदीवरून फांदीवर चढतो. चढताना दोन पाय आणि चोच असे तीन अवयव तो वापरतो. म्हणजे चोच हे केवळ तोंड नव्हे, तो त्याचा हात आहे, आणि वस्तू पारखण्याचे साधनही. आपण बोट पुढे केले की पोपट त्यावर पाय ठेवण्याआधी चोच टेकवतो, ती हे आधारस्थान पक्के आहे की नाही ते पाहण्यासाठी. नवखा माणूस या क्षणी दचकून हात मागे घेतो. फांदी ऐन वेळी हलली, एवढेच पक्ष्याला कळते. पुढच्या वेळी तो अधिक घट्ट धरतो, आणि त्या घट्ट धरण्याला आपण चावा म्हणतो.

ह्या विषयाकडे मी वळलो तो पक्षिप्रेमामुळे नव्हे, क्रियापदाच्या एका रूपामुळे. लोह्यात आमच्या मागच्या आळीतल्या एका घरी राघू होता. पिलू असताना ओळखीच्या कुणीतरी शेतातल्या झाडाच्या ढोलीतून काढून आणून दिलेला, पंख कातरलेला. अडीच वर्षे तो घरात सुखाने नांदला. 'राम राम', 'चहा घ्या', घरातल्या मुलीचे नाव असे पाच-सहा शब्द बोलू लागला. मग एका जानेवारीत त्याने त्याच मुलीच्या खालच्या ओठाला कडाडून चावा घेतला. दोन टाके पडले. मुलगी पाचवीत, राघूवर तिचाच सर्वांत जास्त जीव. 'सर भाषेचे डॉक्टर आहेत, बोलणाऱ्या पाखराचंही त्यांना ठाऊक असेल' अशा समजुतीने तिची आई आणि आजी माझ्याकडे आल्या. आजी म्हणाल्या, "पोपट चावतोच. जातच तशी हाय." आई म्हणाली, "आधी नव्हता चावत, सर. दोन महिने झाले, चावायलाय."

'करायलाय', 'जायलाय', 'बोलायलाय' ही आपल्या नांदेड-लातूरकडची रूपे. पुण्या-मुंबईकडून आलेली मंडळी ती ऐकून हसतात. विद्यार्थी निबंधात ती खोडून येतात. वास्तविक ही रूपे अर्थाचा एक सूक्ष्म भेद फार नेमकेपणाने दाखवतात. 'कुत्रा भुंकतो', 'सूर्य पूर्वेला उगवतो' यांतले '-तो' हे रीतिवाचक आहे. ते स्वभाव सांगते, काळाच्या एखाद्या बिंदूला बांधलेले नसते. 'चावायलाय' म्हणजे सध्या, या दिवसांत, काहीतरी घडते आहे. आजींच्या वाक्यात निकाल होता. सुनेच्या वाक्यात निरीक्षण होते, आणि निरीक्षणाला कारण विचारता येते. त्या घरात त्या आठवड्यात प्रश्न व्याकरणाचा नव्हताच. मुलीचे काका राघूला दूरच्या शेतात सोडून द्या म्हणत होते. कातरलेल्या पंखांनिशी तो मांजराच्या किंवा शिक्र्याच्या तावडीतून एक रात्रही वाचला नसता. 'चावतो' असे एकदा ठरले की ती वाट उघडत होती.

कारण शोधताना आणखी एका वाक्प्रचाराने मदत केली. राघूच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटली की जुनी माणसे 'राघूला कंठ फुटला' असे म्हणतात. मुलाचा आवाज फुटून तो वयात येतो, त्यालाही आपण कंठ फुटणे म्हणतो. कंठवाल्या पोपटाच्या नराला ही रेघ दोन ते तीन वर्षांच्या सुमारास येते, म्हणजे तो वयात येतो तेव्हाच. मादीला ती कधीच येत नाही. त्यामुळे पिंजऱ्यातल्या कैक माद्या आयुष्यभर 'कंठ न फुटलेले राघू' म्हणून जगतात. लोकगीतांनी राघूची जोडी मैनेशी लावली आहे, पण ती वेगळ्याच कुळातली. पोपटाची खरी मादी आपल्या गीतांत बिचारी नाहीच. प्रत्यक्षात या जातीत वर्षाचा बराच काळ मादीच नरावर दरारा ठेवून असते. आपल्याकडे हे पक्षी साधारण हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ढोलीत वीण घालतात. मागच्या आळीतल्या राघूचा कंठ नुकताच उमटला होता, आणि महिना जानेवारीचा होता. त्याचा पिंजरा त्याच्या लेखी आता ढोली झाला होता, मुलगी जोडीदार झाली होती, आणि बाकीचे घर परके. चावा बसला त्या दिवशी राघू तिच्या खांद्यावर होता आणि मामेभाऊ जवळ येऊन हात नाचवत होता. राग भावावर होता. जवळ ओठ होता. पोपटांत असे अनेकदा होते. ज्याच्यावर चिडला त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही, की पक्षी हाताशी असलेल्याला चावतो.

मी तीन संध्याकाळी त्या घरी जाऊन बसलो. पिंजरा माजघराच्या दारात, ट्यूबलाईटखाली, दूरदर्शनसंचाच्या शेजारी टांगलेला होता. दिवा रात्री अकरापर्यंत चालू असे, आणि ह्या पक्ष्याला दहा-बारा तासांची शांत झोप लागते. येणारा-जाणारा प्रत्येक जण गजांतून बोट घालून 'बोल, राघू' म्हणे. त्याच्या प्रतिक्रियेला एक ठरलेला क्रम होता. प्रथम तो पिसे अंगाशी घट्ट आवळून मागे झुके. मग मानेची पिसे उभी राहत आणि डोळ्यांतली बाहुली झरझर लहान-मोठी होई. प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिकट पिवळे असल्यामुळे हे दुरूनही दिसते. मग चोच उघडी, शेपटी पसरलेली, घशातून दबका आवाज. एवढे होऊनही बोट तिथेच राहिले तर चावा. घरच्यांना फक्त हे शेवटचे पद ऐकू येत होते. आधीचे सारे वाक्य वाया जात होते. आणि आधीच्या खुणा रोज वाया जाऊ लागल्या, की पक्षी त्या करणे सोडून देतो आणि थेट चावतो. 'काही न करता चावला' अशी तक्रार येते ती त्यानंतर.

आपल्याला पोपटाच्या तोंडचे आपले शब्द तेवढे ऐकू येतात, आणि त्या शब्दांवर आपण फार भरवसा ठेवतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे ऑगस्ट २०१५ मध्ये एका वृद्ध बाईंनी पोलिसांत तक्रार केली होती की, सावत्र मुलाने शिकवलेला पोपट आपल्याला पाहताच शिव्या देतो. पोलिसांनी सर्वांना पिंजऱ्यासह ठाण्यात बोलावले. तिथे पोपटाने तोंडातून अवाक्षर काढले नाही. पुढे तो वनविभागाच्या स्वाधीन झाला. वृत्तपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. मला तिच्यात गंमत कमी दिसते. शब्द माणसांच्या भांडणातले होते, आणि अनोळखी जागी गप्प बसून अंग आवळून घेणे हे त्या पक्ष्याचे स्वतःचे बोलणे होते.

पोपटाला केवळ नक्कल येते असे मात्र म्हणता येत नाही. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधिकेने १९७७ मध्ये ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट विकत घेतला आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत, तीस वर्षे, त्याच्याबरोबर काम केले. सुमारे पन्नास वस्तूंची नावे, रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो ओळखून सांगत असे. भाषाविज्ञानाच्या वर्गात त्याचे नाव निघते ते या संख्यांसाठी. मला त्याचे दुसरेच एक वाक्य महत्त्वाचे वाटते: प्रयोगाचा कंटाळा आला की तो 'परत जायचंय' अशा अर्थाचे शब्द बोले, आणि त्याला खरोखर परत नेत असत. नकार देण्यासाठी त्याला शब्द मिळाला होता. आमच्या राघूला 'चहा घ्या' शिकवले होते, 'नको' शिकवले नव्हते.

उपाय साधेच सांगितले. पिंजरा दारातून काढून भिंतीच्या कोपऱ्यात डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. दिवेलागणीनंतर वर कापड टाकावे. बोटे घालणे बंद. हात वरून आणू नये, कारण वरून झेपावणारी वस्तू ह्या पक्ष्याच्या दृष्टीने शिक्रा असते. समोरून, छातीच्या खालच्या पातळीवर आणावा. ज्वारीचे कणीस लांब धाटासकट द्यावे, म्हणजे दोघांमध्ये अंतर राहते. चावलाच तर ओरडू नये आणि हात हिसडू नये. चोचीवर टिचकी मारण्याची पद्धत मात्र घरोघरी आहे आणि ती मला मूर्खपणाची वाटते. तिने पक्षी हाताला अधिकच घाबरतो. तीन आठवड्यांत चावे कमी झाले, थांबले नाहीत. मुलीच्या आईचे म्हणणे की राघूचा स्वभाव सुधारला. मला वाटते, स्वभाव होता तोच राहिला, त्याला चावावे लागण्याचे प्रसंग कमी झाले.

पण यापलीकडची एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्या रानातला पोपट पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. पुष्कळ सुशिक्षितांनाही हे ठाऊक नसते. दुकानात राजरोस मिळणारे बजरी आणि लव्हबर्ड हे अनुक्रमे ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेकडचे, मानवाच्या हाताखाली पिढ्यान्पिढ्या वाढलेले. राघूची गोष्ट तशी नाही. तो प्रत्येक वेळी रानातूनच येतो. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला वैशंपायन नावाचा पोपट आपली कथा सांगतो ती म्हातारा शबर शाल्मलीच्या झाडावर चढून घरटी उद्ध्वस्त करतो तिथपासून. बाप मारला जातो, पिलू पाचोळ्यात पडून वाचते. मराठीने 'कादंबरी' हा शब्द त्याच ग्रंथावरून घेतला. आपल्या साऱ्या कादंबऱ्यांच्या नावामागे ढोलीतून हिसकावलेल्या एका पिलाने सांगितलेली कथा आहे, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी क्षणभर थांबतात.

राघूला वनविभागाकडे द्यायचे ठरले तेव्हा आजी गप्प राहिल्या, आई तयार झाली, मुलगी नाही. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. ओठावरची खूण अजून लालसर होती. तिने विचारले, "काका, तिथं त्याच्याशी कोण बोलंल?"

मी म्हणालो, "पोपट."

हे उत्तर तिला पटले नाही. पुढे दीड-दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचा तो हक्क होता. होळीच्या आधी तिचे वडील नांदेडला जाऊन पिंजरा देऊन आले. कातरलेली पिसे पुढच्या पीसगळतीत नवी येतात; तोवर त्याला उडता येणार नव्हते, म्हणून काही महिने तो इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत राहणार होता.

उन्हाळ्यात वडिलांनी चौकशीसाठी फोन केला. तिथला कर्मचारी म्हणाला की, पहिले काही दिवस पक्षी माणसे पाहून 'राम राम' करायचा, आता तेही सोडले आहे. जाळीत कुणी आले की उंच जाऊन बसतो आणि धरायला गेले तर हातमोज्यावरून चावतो. वडील ओशाळून माफी मागू लागले. तो म्हणाला, "अहो, चावायलाय तेच चांगलं. माणसाच्या हातावर येऊन बसणारा आम्हाला सोडता येत नाही."

ही बातमी मला त्या मुलीनेच येऊन सांगितली.