नकलणें आणि ताडून पाहणें

आमच्या लहानपणीं घरांत एक नियम होता. कोणीं कांहीं उतरून घेतलें, मग तो शाळेचा धडा असो कीं वाण्याची यादी असो, तें मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून मूळ कागद जागचा हलवावयाचा नाहीं. वडील मोठ्यानें वाचीत आणि आम्ही आपल्या नकलेवर बोट ठेवून पाहत असूं. पुढें शाळेंत चौतीस वर्षें आम्हीं हाच नियम मुलांस शिकविला. तो आम्हीं स्वतः वयाच्या सासष्टाव्या वर्षीं मोडला, त्याची ही हकीकत आहे.

राजापूर तालुक्यांतील आमच्या मूळ घरीं आजोबांच्या हातची लघुसिद्धांतकौमुदीची पोथी आहे. तिच्या समासांत वडिलांनीं बारीक अक्षरांत मराठी टिपणें केलेलीं आहेत. पोथी देवघरांतील, ती घराबाहेर नेण्याचें नांव काढणें शक्य नव्हतें. म्हणून आम्ही तेथें जाऊन तिच्या सर्व म्हणजे १८४ पृष्ठांचीं छायाचित्रें घेतलीं. टिपणें पुण्यास परतल्यावर सावकाश वाचूं, असा विचार होता.

सेवानिवृत्तीनंतर भाच्याच्या आग्रहावरून आम्ही पायथन नांवाची संगणकाची भाषा शिकलों होतों. गिदो व्हान रोसम या डच गृहस्थानें ती रचली व १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध केली. नांवाचा सर्पाशीं संबंध नाहीं. तें मॉन्टी पायथन या इंग्रजी विनोदी मंडळीवरून घेतलें आहे. संस्कृत हीच संगणकास सर्वांत योग्य भाषा, असें आमचे कांहीं स्नेही छातीठोकपणें सांगतात. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, ज्यानें सूत्रें घोकलीं आहेत त्यास थोडक्या शब्दांत नेमकी आज्ञा करण्याची ही रीत परकी वाटत नाहीं.

छायाचित्रें कार्डावरून संगणकांत न्यावयाचीं होतीं. हातानें नेलीं असतीं तर कांहींच बिघडलें नसतें. पण नवशिक्याची हौस! आम्हीं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: कार्डावरील प्रत्येक फाइल क्रमानें घे आणि 'पोथी' या ठिकाणीं तिची नक्कल ठेव. पायथनमध्यें या कामासाठीं 'शटिल' नांवाचा तयार संच आहे व त्यांत 'कॉपी' नांवाची आज्ञा आहे. ती आम्हीं वापरली. क्षणभरांत पडद्यावर आम्हींच लिहून ठेवलेला 'काम झालें' हा शब्द उमटला. संगणकांत 'पोथी' हें नांव दिसलें. आम्हीं समाधानानें कार्ड पुसून टाकलें. पुढल्याच आठवड्यांत नातवाची मुंज होती. तेंच कार्ड कॅमेऱ्यांत घालून मुंजीचीं छायाचित्रें घेतलीं.

महिन्यानें 'पोथी' उघडावयास गेलों, तों तो फोल्डर नव्हेच! ती एकच फाइल होती, आणि तिच्यांत एकच पृष्ठ होतें, शेवटचें.

झालें होतें तें असें. 'कॉपी' या आज्ञेस दिलेलें ठिकाण जर आधींपासून फोल्डर असेल, तर ती फाइल त्याच्या आंत ठेवते. तसा फोल्डर नसेल, तर ती समजते कीं नकलेचें नांवच 'पोथी' आहे. फोल्डर करण्याचें आम्ही विसरलों होतों. म्हणून पहिलें पृष्ठ 'पोथी' या नांवानें उतरलें, दुसरें त्याच नांवानें उतरतांना पहिल्याच्या जागीं बसलें, तिसरें दुसऱ्याच्या. याप्रमाणें १८३ पृष्ठें एकामागून एक पुसलीं गेलीं, आणि यंत्रानें चकार शब्द काढला नाहीं. माणूस हातानें फाइल ठेवूं लागला, तर संगणक विचारतो कीं, या नांवाची फाइल येथें आहे, ती बदलूं काय? प्रोग्रॅमनें तेंच काम केलें असतां तो कांहीं विचारीत नाहीं. लिहिणारानें विचार केला असेलच, असें तो धरून चालतो.

भाच्यानें धीर दिला. फाइल पुसली म्हणजे तींतील मजकूर तात्काळ नाहींसा होत नाहीं; ती जागा मोकळी झाली एवढीच नोंद होते, आणि नवा मजकूर त्या जागीं येऊन पडला म्हणजे मात्र जुना कायमचा जातो. त्यानें खटपट करून १७१ पृष्ठें परत मिळविलीं. तेरा मिळालीं नाहींत. त्यांच्या जागीं मातृभोजन व भिक्षावळ यांचीं छायाचित्रें होतीं.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हां कोंकणांत गेलों. तेरांपैकीं अकरा पृष्ठें जशींच्या तशीं होतीं. उरलेलीं दोन समोरासमोरचीं. त्या पावसाळ्यांत देवघरावर कौल सरकून पाणी आलें होतें, आणि तीं दोन पानें एकमेकांस चिकटलीं होतीं. चुलत बंधूंनीं हळू हातानें सोडविण्याचा यत्न केला, पण शाई उठून आली. मूळ ग्रंथ कोठेंहि छापील मिळतो. वडिलांचें तेथील टिपण मात्र जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. तें चार ओळींचें होतें, एवढेंच आम्हांस आठवतें. काय होतें, तें आम्हीं वाचलेंच नव्हतें.

आतां आमचा प्रोग्रॅम चार ओळींचा राहिलेला नाहीं. तो प्रथम फोल्डर करतो. नक्कल ठेवण्यापूर्वीं त्या नांवाची फाइल तेथें आहे काय तें पाहतो, आणि असल्यास थांबतो. 'कॉपी' ऐवजीं आम्ही 'कॉपी टू' ही आज्ञा वापरतों; पहिलीनें मजकूर येतो पण फाइलीवर तारीख आजची पडते, दुसरी मूळ तारीखहि टिकविण्याचा यत्न करते. शेवटीं तो दोन्हीकडील संख्या मोजतो आणि प्रत्येक जोडी ताडून पाहतो. यासाठीं फाइलींतील सर्व मजकुरावरून गणितानें एक चौसष्ट अंकाक्षरांची खूण काढतां येते; मजकुरांत एक कानामात्रा बदलली तरी खूण पार निराळी येते. फाइली ताडण्याची एक तयार आज्ञाहि पायथनमध्यें आहे. पण तिला निक्षून सांगितलें नाहीं, तर आकार आणि तारीख जुळतांच ती दोन्ही फाइली सारख्या म्हणून मोकळी होते. वहीचीं पानें मोजून गुण देणारे परीक्षक आम्हीं पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अनेक प्रती ताडूनच. तेव्हां लेखनिकाचा हात चुकत असे. आतां यंत्राचा हात सहसा चुकत नाहीं. आज्ञा करणाराचें लक्ष चुकतें. ताडून पाहण्याचें काम मात्र टळलेलें नाहीं.

त्या फसलेल्या नकलेंत जें एक पृष्ठ उरलें होतें, तें आजोबांच्या पुष्पिकेचें होतें. जुन्या लेखनिकांच्या रीतीप्रमाणें त्यांनीं लिहिलें आहे कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, चूक असल्यास दोष आमचा नव्हे. आमच्या यंत्रासहि हेंच म्हणतां येईल. त्यानें सांगितलें तसेंच केलें. आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं. वाचकांच्या घरीं जुनीं पत्रें, पोथ्या, वडील माणसांचे आवाज असतील, त्यांच्या नकला त्यांनीं अवश्य कराव्यात. फक्त मूळ पुसण्यापूर्वीं दोहोंवर एकदां बोट ठेवून पाहावें.