रात्रपाळी

ब्लास्ट फर्नेस सणासुदीला बंद ठेवता येत नाही, म्हणून भिलाईत दिवाळीच्या रात्रीही कुणीतरी ड्युटीवर असतंच. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून हेच चाललंय. इथले रूळ देशभर जातात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण पहाटे तीनला डोळ्यांवर झापड आली, की आठवते ती हिने फडक्यात गुंडाळून दिलेली ज्वारीची भाकरी, तेलात कालवलेला ठेचा आणि बारावीच्या अभ्यासाला जागणारी लेक. दिवसा मी झोपतो तेव्हा घरात टीव्हीसुद्धा लागत नाही. हजेरीपटावर नाव माझं. ड्युटी मात्र सगळं घर करतं. तेव्हा सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम नको, असं ठरवलंय. रविवारी आईला घेऊन सगळे मैत्रीबागेत जाणार आहोत.